खडा निघाला, पण मूत्रपिंडाचे काय?

‘लेसरने किडनी जळते का हो, डॉक्टर?’ हा प्रश्न हल्ली मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. विचारणारा बहुधा मूतखड्याच्या कळा सोसून कंटाळलेला असतो. शहरातल्या सर्जनने त्याला दुर्बीण आणि लेसरचा सल्ला दिलेला असतो आणि गावात कोणीतरी सांगितलेले असते की, अमक्याने लेसर केले आणि वर्षभरात त्याची किडनी गेली. दुसऱ्या टोकाचेही रुग्ण आहेत. लेसर झाले म्हणजे आजार मुळासकट गेला, असे समजून ते पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाहीत. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. त्यातली दुसरी पहिलीपेक्षा अधिक घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुद्दा सरळ आहे. लेसर खडा फोडतो, मूत्रपिंड दुरुस्त करत नाही. मूत्रपिंड किती वाचणार हे तीन गोष्टींवर ठरते : ऑपरेशनच्या आधी अडथळा किती दिवस होता, लघवीत जंतुसंसर्ग होता का, आणि ऑपरेशननंतर आपण किती लक्ष दिले. यातील पहिली आणि तिसरी गोष्ट बरीचशी रुग्णाच्या आणि आम्हा डॉक्टरांच्या हातात आहे. म्हणून आजचा हा लेखप्रपंच.

खडा नेमके काय बिघडवतो?

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक सगळा शरीर परत शोषून घेते आणि दीड-दोन लिटर तेवढी लघवी म्हणून बाहेर पडते. ही लघवी मूत्रपिंडातून मूत्राशयात आणणारी मूत्रवाहिनी जेमतेम वीत-सव्वा वीत लांब आणि काही मिलिमीटर रुंद असते. खडा अडकतो तो बहुधा याच नळीत.

शेतातली चारी तुंबली की पाणी मागे साचते आणि चांगली जमीन चिबडते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. मूत्रपिंडाचेही तसेच होते. लघवी मागे तुंबते, मूत्रपिंड फुगते आणि सोनोग्राफीच्या कागदावर ‘किडनीला सूज’ असे लिहून येते. गाळण्यांवर उलटा दाब पडतो, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो आणि दाब तसाच राहिला तर गाळण्या असलेला बाहेरचा थर हळूहळू पातळ होत जातो. हा थर एकदा झिजला की जगातला कोणताही लेसर तो परत आणू शकत नाही.

किती दिवसांत हे घडते? १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, पूर्ण अडथळा आठवडाभरात दूर केला तर मूत्रपिंडाचे काम कालांतराने पूर्ववत होते. चार आठवड्यांनी दूर केला तर थोडेच काम परत येते आणि सहा आठवड्यांनंतर जवळजवळ काहीच येत नाही. माणसात अडथळा बहुधा अर्धवट असतो, त्यामुळे मुदत थोडी जास्त मिळते. पण दिशा तीच असते. म्हणूनच मूत्रवाहिनीतला लहान खडा आपोआप पडण्याची वाट पाहायची ती साधारण चार ते सहा आठवडे, त्यापलीकडे नाही, असा तज्ज्ञांचा संकेत आहे.

वाट पाहण्यात काही गैर नाही, हेही सांगायला हवे. २००७ साली अमेरिका आणि युरोपातील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे शंभरांपैकी ६८ जणांत आपोआप पडले आणि पाच ते दहा मिलिमीटरचे ४७ जणांत. तेव्हा प्रत्येक खड्याला लेसर लागत नाही. मात्र वाट पाहणे म्हणजे सोनोग्राफी करून, मुदत ठरवून वाट पाहणे. खडा पाडण्याची हमी देणाऱ्या पुड्या आणि काढे घेत सहा-सहा महिने काढणे म्हणजे वाट पाहणे नव्हे.

कळ थांबली म्हणजे खडा पडला का?

मूतखड्याच्या बाबतीत सर्वांत जास्त फसवणूक होते ती इथे. खडा मूत्रवाहिनीत सरकताना, दाब एकदम वाढला की जीवघेणी कळ येते. पण अडथळा बरेच दिवस राहिला की त्या बाजूचे मूत्रपिंड लघवी कमी तयार करू लागते. दाब उतरतो आणि दुखणे थांबते. रुग्ण म्हणतो, ‘हुलग्याचे कढण घेतले आणि खडा विरघळला.’ खडा जागेवरच असतो, थकते ते मूत्रपिंड. दुखणे अंगावर काढण्याची आपली जुनी सवय या आजारात फार महाग पडते, कारण इथे दुखणेच पुढे मुके होते. म्हणून कळ थांबली तरी खडा पडताना प्रत्यक्ष दिसला नसेल, तर पुन्हा सोनोग्राफी करून खात्री केलीच पाहिजे. सोनोग्राफीत मूत्रवाहिनीचा मधला भाग नीट दिसत नाही. शंका राहिली तर सी.टी. स्कॅन करावा लागतो.

लेसर किडनी जाळतो का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मी प्रॅक्टिस सुरू केली त्या १९९० च्या दशकात आमच्या भागात खड्याचे ऑपरेशन म्हणजे कमरेला वीतभर चिरा आणि महिनाभर घरी विश्रांती. बाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देऊन खडा फोडण्याचे तंत्र १९८० साली म्युनिकमध्ये प्रथम वापरले गेले होते, पण तालुक्याच्या रुग्णाला ते दूरच होते. होल्मियम लेसर खड्यासाठी वापरात आला तोही १९९० च्या दशकातच. आज जिल्ह्याच्या ठिकाणी तो सर्रास वापरला जातो. लघवीच्या मार्गाने बारीक दुर्बीण वर नेतात, तिच्यातून केसासारखी काचेची तार खड्याला टेकवतात आणि लेसरने खड्याचा भुगा करतात. अंगावर टाका पडत नाही.

या लेसरचा एक गुण असा की, पाणी त्याची ऊर्जा चटकन शोषून घेते. त्यामुळे तारेच्या टोकापासून साधारण अर्ध्या मिलिमीटरपलीकडे त्याचा परिणाम पोहोचत नाही. खडा फुटतो आणि शेजारचे मूत्रपिंड शाबूत राहते. नव्याने आलेल्या थुलियम फायबर लेसरची ऊर्जाही पाण्यात अशीच शोषली जाते. तेव्हा ‘लेसरने किडनी जळते’ ही भीती कोणी मनात ठेवू नये. उलट अडथळा दूर झाल्यामुळे मूत्रपिंडाचे काम सुधारलेले किंवा निदान आहे तिथे टिकलेले बहुतेक रुग्णांत दिसते. आधीच मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनाही हा उपाय वर्ज्य नाही, उलट त्यांना त्याची निकड अधिक असते.

धोका मुळीच नाही असे मात्र मी म्हणणार नाही. लेसरची शक्ती जास्त आणि आतून वाहणारे पाणी कमी असेल तर उष्णता वाढते. पाण्याचा दाब फार वाढला आणि लघवीत जंतू असतील तर ते रक्तात शिरून जोराचा ताप येतो. दुर्बिणीने, उष्णतेने किंवा दीर्घकाळ रुतून बसलेल्या खड्यामुळे मूत्रवाहिनीला इजा झाली, तर पुढे तिथे व्रण धरून ती आकसते. म्हणून ऑपरेशनपूर्वी लघवीचे कल्चर करायला सांगितले तर कुरकुर करू नये. तो वायफळ खर्च नाही.

आणखी एक तक्रार कानावर येते, ‘डॉक्टरांनी पैशांसाठी दोनदा ऑपरेशनला नेले.’ मूत्रवाहिनी तुंबलेली आहे आणि थंडी वाजून ताप आहे, असा रुग्ण आला तर आधी फक्त नळी टाकून तुंबलेली, दूषित लघवी मोकळी करायची, प्रतिजैविके द्यायची आणि संसर्ग आटोक्यात आल्यावर मगच खडा फोडायचा, हाच योग्य मार्ग आहे. असे करणारा सर्जन तुमचे पैसे काढत नसतो, तो तुमचा जीव वाचवत असतो.

क्रिएटिनिनच्या कागदावर विसंबू नका

ऑपरेशननंतर किडनी ठीक आहे का, हे पाहायला बहुतेकजण रक्तातले क्रिएटिनिन तपासतात. आकडा लॅबोरेटरीने छापलेल्या मर्यादेत आला की सगळे निर्धास्त होतात. मला इथे थोडे थांबून सांगायचे आहे.

बैलजोडीतला एक बैल थकला तरी दुसरा दमदार असेल तर गाडी चालत राहते. रस्त्यावरच्या माणसाला काही कळत नाही. तसेच एका बाजूचे मूत्रपिंड निकामी होत चालले तरी दुसरे काम उचलून धरते आणि क्रिएटिनिन ०.९ वरून १.१ किंवा १.२ वर जाते. कागदावर तेही ‘नॉर्मल’च. एकूण गाळण्याची क्षमता निम्म्याने घटेपर्यंत हा आकडा अनेकदा मर्यादेबाहेर जात नाही. खडा बहुधा एकाच बाजूला असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या कागदावर किती विसंबायचे ते कळेल.

शिवाय क्रिएटिनिन हे स्नायूंतून तयार होते. तेव्हा एकाच आकड्याचा अर्थ सर्वांना सारखा नसतो. क्रिएटिनिन १.२ असलेल्या तीस वर्षांच्या पुरुषाची गाळण्याची क्षमता, सध्या वापरात असलेल्या सूत्राने, मिनिटाला सुमारे ८३ मिलिलिटर येते. तोच १.२ हा आकडा साठ वर्षांच्या बाईचा असेल तर क्षमता सुमारे ५२ येते. पहिल्याला फारशी काळजी नाही, दुसरीला मूत्रपिंडाचा विकार असण्याचा दाट संभव आहे. हल्ली बऱ्याच लॅबोरेटरी ‘ई-जी.एफ.आर.’ या नावाने ही क्षमता कागदावर छापतात. नसेल तर आपल्या डॉक्टरांना काढून द्यायला सांगा. आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आकडा थोडा वाढलेला दिसला तर घाबरू नका. संसर्ग, औषधे, शरीरातले पाणी कमी होणे यांमुळे तो तात्पुरता वर जातो. खरा हिशेब तीन महिन्यांनी मांडायचा असतो.

माझ्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येणारे एक पंचेचाळीस वर्षांचे गृहस्थ आहेत. त्यांचा खडा लेसरने काढून दोन वर्षे झाली होती. दुखणे शून्य, क्रिएटिनिन १.२. रक्तदाब या वयात का वाढला म्हणून मी सोनोग्राफी करायला सांगितली, तर डावे मूत्रपिंड फुगलेले आणि थर पातळ झालेला. मूत्रवाहिनी व्रणाने आकसली होती. किरणोत्सर्गी द्रव्य टोचून करतात त्या डी.टी.पी.ए. स्कॅनमध्ये त्या मूत्रपिंडाचा वाटा अवघा बारा टक्के निघाला. निरोगी माणसात तो ४५ ते ५५ टक्के असतो. लेसर करणाऱ्या डॉक्टरांचे काम चोख होते, खड्याचा कणही उरलेला नव्हता. त्यांनी सहा आठवड्यांनी सोनोग्राफीला बोलावले होते. पण हे गृहस्थ गेले नाहीत, कारण त्यांना काही होतच नव्हते!

हे अपवादाने घडते असे समजू नका. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दुर्बिणीने खडा काढलेल्या २४१ जणांपैकी ७ जणांत, म्हणजे शंभरात सुमारे तिघांत, ऑपरेशननंतर कोणतेही दुखणे नसताना अडथळा आढळला. शंभरात तीन हा आकडा लहान वाटेल. पण आपल्या जिल्ह्यात वर्षाकाठी किती जणांचे खडे दुर्बिणीने काढले जातात याचा विचार करा, म्हणजे त्याचे वजन कळेल.

आत राहिलेली नळी

दुसरा मुद्दा याहून साधा आणि म्हणूनच अधिक चीड आणणारा आहे. लेसरनंतर मूत्रपिंड आणि मूत्राशय यांच्या दरम्यान एक बारीक, दोन्ही टोकांना वळलेली नळी ठेवतात. तिला डी-जे स्टेंट म्हणतात. लोक ‘पाईप’ म्हणतात. सूज उतरेपर्यंत लघवीला वाट मिळावी, हा तिचा हेतू. ती बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत आणि फार तर तीन महिन्यांच्या आत काढायची असते. काढायला काही मिनिटे लागतात.

ही नळी आत तशीच राहिली तर तिच्यावरच खडे जमतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा आठवड्यांच्या आत काढलेल्या नळ्यांपैकी सुमारे ९ टक्के, सहा ते बारा आठवड्यांत काढलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्के आणि त्यानंतर काढलेल्यांपैकी ७६ टक्के नळ्यांवर खडा धरलेला होता. मग जी नळी मूत्रपिंड वाचवण्यासाठी टाकली, तीच त्याचा गळा आवळते. ती काढायला दोन-तीन ऑपरेशने लागतात आणि काही वेळा मूत्रपिंडच काढावे लागते.

नळी विसरते कशी, असे शहरातल्या वाचकाला वाटेल. दसऱ्याच्या आधी ऑपरेशन झाले, दसरा झाला आणि माणूस टोळीबरोबर ऊसतोडीला गेला. सहा महिने तो कारखान्याच्या फडावर. लघवीला आग होते, कधी लालसर होते. कामाच्या उन्हाने होत असेल, म्हणून तो सोडून देतो. डिस्चार्ज कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत, आणि कार्डावरची इंग्रजी अक्षरे घरात कोणाला वाचता येत नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन मोफत झाले, पण परत येण्याचे भाडे आणि बुडणारी मजुरी कोण देणार? दोष एकट्या रुग्णाला देऊन आम्हा डॉक्टरांना हात झटकता येणार नाहीत.

माझी मागणी

म्हणून माझी एक साधी मागणी आहे. मूतखड्याच्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर पहिल्याच पानावर, ठळक मराठीत तीन ओळी असाव्यात. एक : नळी आत आहे की नाही आणि ती कोणत्या तारखेला काढायची. दोन : ऑपरेशनपूर्वीचे क्रिएटिनिन आणि सोनोग्राफीत दिसलेली सूज किती होती. तीन : पुढची सोनोग्राफी कोणत्या तारखेला. सोबत रुग्णालयाने टाकलेल्या नळ्यांची वही ठेवावी आणि तारीख उलटलेल्या रुग्णाला फोन करावा. याला नवे यंत्र लागत नाही आणि सरकारी अनुदानही लागत नाही. एक वही आणि ती रोज पाहणारा एक माणूस एवढेच लागते.

पूर्वीची नोंद असण्याचा फायदा सर्जनलाही आहे. मूत्रपिंड आधीच किती बिघडले होते याची नोंद नसली की पुढे सगळा ठपका लेसरवर येतो आणि गावात नवी अफवा जन्म घेते. थर फारच पातळ दिसत असेल तर ऑपरेशनपूर्वीच डी.टी.पी.ए. स्कॅन करून नातेवाइकांना वस्तुस्थिती समजावून द्यावी.

आमच्यासारख्या गावातल्या डॉक्टरांचेही काम आहे. रुग्ण सर्दी-तापासाठी आला तरी ‘नळी काढली का?’ हे विचारायला पैसे पडत नाहीत.

रुग्णांनी काय करावे?

१. खडा असताना थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, दोन्ही बाजूंना खडे असले किंवा एकच मूत्रपिंड असले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रात्र काढू नये.

२. कळ आल्यावर डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी घ्यावी. पण दुकानातून स्वतः आणून आठवडेच्या आठवडे घेऊ नये. या गोळ्या दुबळ्या मूत्रपिंडाला आणखी दुबळे करतात.

३. नळी टाकली असेल तर काढण्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहावी आणि घरातल्या दोघांना तरी सांगून ठेवावी.

४. नळी काढल्यावर चार ते सहा आठवड्यांनी, काहीही दुखत नसले तरी, सोनोग्राफी करावी. सूज राहिलेली दिसली तर घाबरू नये. जुने ताणलेले मूत्रपिंड अडथळा गेल्यावरही काही काळ सैल दिसते. खरा अडथळा आहे का, हे स्कॅनने ठरवता येते.

५. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने आणि रक्तदाब तपासावा. मूत्रपिंड कमजोर निघाले असेल तर ही तपासणी दरवर्षी करावी.

६. फुटलेल्या खड्याचा कण तपासणीला पाठवावा. पाणी इतके प्यावे की दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. उन्हात राबणाऱ्याला त्यासाठी बरेच जास्त पाणी लागते. पापड-लोणचे आणि वरचे मीठ कमी करावे. दूध मात्र बंद करू नये. खडा पुन्हा पुन्हा होणारा आजार आहे आणि प्रत्येक नवा खडा मूत्रपिंडावर नवा घाव घालतो.

ज्यांची मूत्रपिंडे खरोखर निकामी होतात, त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसच्या यंत्राला जोडून घ्यावे लागते. घरातला एक माणूस त्यांच्यामागे, जमिनीचा तुकडा विक्रीला. त्या खर्चापुढे एका सोनोग्राफीचा खर्च आणि एक दिवसाची मजुरी ही काहीच नाही. खडा बाटलीत भरून घरी नेण्याची आणि पाहुण्यांना दाखवण्याची आपल्याकडे हौस आहे. ती जरूर करा. पण त्या बाटलीशेजारी ऑपरेशननंतरच्या सोनोग्राफीचा कागदही असू द्या. खडा गेल्याची खूण बाटलीत असेल, मूत्रपिंड वाचल्याचा पुरावा मात्र त्या कागदातच सापडेल.